सोमला नायकाची धाकटी

२८ सप्टेंबर, धनज

आईला आज कारंज्याहून घरी आणलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं तेव्हा मी वादाच्या तयारीत होतो. नागपूर, हैदराबाद, कुठेही नेतो म्हणणार होतो. ते एवढंच म्हणाले, "सर, हृदय थकलंय. आता त्यांना आवडेल ते खाऊ द्या." आयुष्यभर मी मंचावरून लोकांना उत्तरं देत आलो. इथे फक्त गाडी दाराशी आणायला गेलो.

गाडीत आईचं डोकं अंजूच्या मांडीवर होतं. सुनेची मांडी तिला माझ्या खांद्यापेक्षा बरी वाटते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं काळं पडलेलं सोयाबीन. मी घाई करत होतो तर आई म्हणाली, "हरीओम, गाडी हळू चालव. मरायले घाई नाई मले."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पिकल्या कापसासारखी गोरी, डोळे निळे, आणि बोली अशी की धनजच्या बाजारात भाजीवाल्या तिच्याशी भाव करायला घाबरतात. स्कॉटलंडमधल्या कोळ्यांच्या गावात ती इझोबेल होती. इथे लग्नात नाव ठेवलं तुळसाबाई.

संध्याकाळी तिनं मला जवळ बसवलं. "एक गोठ सांगतो. माह्या अंगावर माहेरचं लुगडं पडलं पायजे."

आमच्याकडे बाई गेली की तिचं शेवटचं लुगडं माहेरून येतं. भाऊ घेऊन येतो, भाऊ नसेल तर भाचा. ते आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत. या प्रथेवर मी किती ठिकाणी बोललो आहे. बाई मेल्यावरही तिच्यावर मालकी कोणाची, याची ही शेवटची नोंद आहे, असं म्हणतो मी.

"आई, तू नर्स होतीस," मी म्हणालो.

"नर्स होती. आता मरून राह्यली. दोन येगयेगळी कामं हायेत."

मी पुढे बोलणार होतो. तिनं डोळे मिटून घेतले. ती झोपली नव्हती, मला माहीत आहे.

३० सप्टेंबर

अंजू सकाळीच म्हणाली, "मामाले फोन करा."

मामा म्हणजे दौलतसिंग मामा, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे. बाहत्तरच्या दुष्काळात आई औषधपाणी करणाऱ्या मंडळींबरोबर इकडे आली आणि त्या बंजारा तांड्यावर सोमला नायकांच्या घरी राहिली. मंडळी परत गेली, ही राहिली. मग बाबांची आणि तिची ओळख. बाबांच्या घरचे म्हणाले, पोरगी गोरी आहे ते चालेल, पण हिला माहेर नाही ते कसं चालेल? सोमला नायक धनजला आले. माझ्या आजोबांसमोर काठी टेकून म्हणाले, "माहेर नाई कोन म्हनते? तांडा मेला का माहा?" त्यांनी कन्यादान केलं, सोबत एक गाय दिली. तेव्हापासून त्यांचा मुलगा दौलतसिंग दर भाऊबीजेला लुगडं घेऊन यायचा. लहानपणी मी रस्त्यावर त्याची वाट बघायचो, कारण पिशवीत माझ्यासाठी शेंगदाण्याची चिक्की असायची.

हे सगळं प्रेमाचंच. पण प्रेम आणि सत्य यांत मी सत्याच्या बाजूचा माणूस आहे. कारंज्याच्या व्याख्यानमालेत, तेवीसच्या जानेवारीत, मी हेच बोललो. ते माझं आजवरचं सर्वोत्तम भाषण, असं अजून लोक म्हणतात. कन्यादानावर बोलत होतो. म्हणालो, "दान गाईचं करतात, माणसाचं नाही. माझ्या आईचं दान झालं, आणि ज्यानं केलं त्याचं तिच्याशी थेंबभर रक्ताचं नातं नव्हतं. त्याला हा हक्क कोणी दिला?" सभागृह उठलं होतं. पहिल्या रांगेत आई आणि मामा शेजारी शेजारी बसले होते. मामांनी नवा पटका बांधला होता. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, मी पाहिलं. मध्येच हात थांबले, पण वाजवल्या होत्या.

त्यानंतर मामा भाऊबीजेला आले नाहीत. ऐंशीच्या पुढे गेले आहेत. गुडघे असतील.

अंजूला मी समजावलं की आईनं जन्मभर उसनं माहेर वापरलं, निदान शेवटी तिला खरं मिळावं. ती कणीक मळत होती. म्हणाली, "तुमच्या आईनं मांगतलं काय अन् तुमी शोधून राह्यले काय."

५ ऑक्टोबर

आमची मुलगी संस्कृती अमरावतीहून आली आहे. कॉलेजला दांडी. तिनं दोन दिवसांत जे केलं ते मला दोन वर्षांत जमलं नसतं. आईच्या गावाचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, एवढ्यावर तिनं फोनवरून माणूस शोधला. आईचा भाऊ डंकन वारला. त्याची नात किर्स्टी त्याच गावात शाळेत शिकवते. तिचा निरोप आला: "आम्हाला वाटत होतं ती भारतात केव्हाच वारली. घरात तसंच सांगितलं होतं."

मी आईला सांगितलं. ती भिंतीकडे बघत म्हणाली, "तिथं कोन हाये माहं?"

केवढं दुःख असेल त्या प्रश्नात. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "आहे, आई. सापडलंय." तिनं हात सोडवून घेतला. पाणी मागितलं.

९ ऑक्टोबर

व्हिडिओ कॉल झाला. मी इंग्रजीतून अर्धं जग वाचलं आहे, पण त्या पोरीचं एक वाक्य मला कळेना. संस्कृती शेजारी बसून सांगत गेली.

मी आज पहिल्यांदा माझ्या आईचं घराणं ऐकलं. तिची आजी आणि तिची आई हेरिंग नावाच्या मासळीच्या मागे किनारा धरून गावोगाव जायच्या, बोटी लागतील तिथे मासे चिरायच्या. सुरीनं कापू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधायच्या. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसारख्याच. वडील चर्चमधले मोठे, शब्दाचे कडक. थोरला भाऊ ॲलेक बोटीसह बुडाला. प्रेत किनाऱ्याला लागलं तेव्हा चेहरा राहिला नव्हता. त्याच्या आईनं स्वतः विणलेल्या लोकरीच्या बंडीवरून मुलगा ओळखला. त्या गावात म्हणतात, प्रत्येक घराची वीण वेगळी असते.

मी खुर्चीतून उठलोच. मेलेल्या माणसाच्या अंगावर घरचं वस्त्र. तिकडेही तेच.

मग किर्स्टीनं पुढचं सांगितलं. आईनं लग्नाचं कळवलं त्या दिवशी वडिलांनी जेवणाच्या टेबलाजवळची तिची खुर्ची उचलून परसात फोडली आणि चुलीत घातली. तिचं नाव घ्यायला बंदी. पण तिच्या आईनं हिच्या लग्नासाठी एक शाल विणली, कोणाला न सांगता. ती किर्स्टीकडे पेटीत आहे.

यावर एक व्याख्यान होईल. खुर्ची जाळणारा बाप आणि आमचे जातपंचायतवाले यांत फरक तो काय? पण ते नंतर.

मग आई बोलली. त्या पोरीशी, तिच्या भाषेत. आम्ही कोणी आईला त्या आवाजात कधी ऐकलं नव्हतं, चढउतारच वेगळा. किर्स्टी आधी हसली, मग रडायला लागली. मी विचारलं, काय म्हणालीस? आई म्हणाली, "काई नाई. इचारलं, समुद्र हाये का अजून, का थोही फोडून चुलीत घातला."

शाल पाठवायचं ठरलं. मी आईला म्हणालो, "तुझ्या सख्ख्या आईच्या हातची वीण येतेय. याहून मोठं माहेरचं वस्त्र कोणतं?"

"विनली तं खरं तिनं," आई म्हणाली. "घेऊन येनारं कोनी नव्हतं."

"आता कुरिअरनं येतंय ना."

ती हसली. तिच्या हसण्याचा मला अर्थ लागला नाही.

१४ ऑक्टोबर

तांड्यावर जाऊन आलो. पार्सल मुंबईत अडकलं आहे, आणि अंजूनं तीन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं होतं, म्हणून गेलो. आईला विचारलं, मामांना बोलावू का? ती म्हणाली, "भाऊ बलावून नाई येत. थो आपला येते."

मामा ओट्यावर सोयाबीन पसरत होते. मामी, ललिताबाई, दारातूनच म्हणाली, "भाषनवाले आले. माईक आनला काय सोबत?" तरी तिनं हातपाय धुवायला पाणी दिलं. ज्वारीची भाकरी, ठेचा, बसायला सतरंजी.

मी आईची तब्येत सांगितली. मामांचा हात सोयाबीनमध्येच थांबला. बराच वेळ ते दाणे बोटांतून सोडत राहिले. मी म्हणालो, तुम्ही यावं, तिला बरं वाटेल.

"येतो ना," ते म्हणाले. "पन एक सांग. मी कोन लागतो तुह्या मायचा?"

मला प्रश्नाचा रोख कळला. ते व्याख्यान त्यांनी मनात ठेवलं होतं. मग मी गैरसमज दूर करायला बसलो. म्हणालो, मामा, मी व्यक्तीबद्दल बोललो नव्हतो, प्रथेबद्दल बोललो होतो. तुम्ही मानलेले भाऊ आहात, आणि मानलेलं नातं मी कमी समजत नाही, उलट ते माणसानं निवडलेलं असतं म्हणून मी त्याला वरचं स्थान देतो. पण म्हणून दानाचा हक्क सिद्ध होत नाही. मी उदाहरणं दिली. भरपूर बोललो आणि मुद्देसूद बोललो. मामींनी ताट उचलून नेलं. भाकरी अर्धी राहिली होती, बोलण्याच्या भरात लक्षात आलं नाही.

माझं संपल्यावर मामा म्हणाले, "चांगलं बोलतं तू. तवाही चांगलंच बोलला होता."

मग उठून आतल्या खोलीत गेले. त्यांचा नातू करण मला गाडीपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "काका, एक शब्दाचं काम होतं." मी विचारलं, कोणता? तो म्हणाला, "जाऊ द्या."

मला वाटतं मामांना मुद्दा पटला असावा. येतील.

१७ ऑक्टोबर

आज आईनं काही खाल्लं नाही. मी तिला वाचून दाखवतो म्हटलं. ती म्हणाली, "उगामुगा बस." बसलो. मला गप्प बसता येत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आईनं सकाळी अंजूकडून डोकं धुवून घेतलं, वेणी घालून घेतली, खुर्ची ओसरीवर नेऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. शेजारी ताट: निरांजन, कुंकू, सुपारी. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले आहेत. दर बसच्या आवाजाला ती मान वर करायची. मी म्हटलं, आई, आत चल, ऊन लागतंय. "तुह्या बापानं बांधेल छपरी हाये, ऊन कायले लागते?"

दुपारी निरांजन विझलं. अंजूनं पुन्हा लावलं.

मी फाट्यापर्यंत जाऊन आलो, दोनदा. तिथे पानटपरीवर मुन्नानं विचारलं, "सर, कोनाची वाट पाहून राह्यले?" मी म्हणालो, कोणाची नाही. किर्स्टीच्या पार्सलची चौकशी केली, अजून मुंबईतच.

शेवटची बस गेल्यावर आईनं स्वतःच्या हातानं निरांजन विझवलं. म्हणाली, "अंजू, ताट आत ने. मुंग्या लागतीन."

मला रडू आलं असं लिहितो, कारण इथे कोणी वाचणार नाही. का आलं ते मात्र मला नीट सांगता येणार नाही. काय करायला हवं होतं? मी गेलो होतो. मी समजावलं होतं. याहून जास्त माणसानं काय करायचं असतं?

२७ ऑक्टोबर

आई काल सकाळी गेली. अंजू तिला चहा पाजत होती. बशीतला अर्धा चहा तसाच राहिला.

दुपारपर्यंत अंगण भरलं. कारंज्याहून, वाशिमहून माझे श्रोते, विद्यार्थी आले. तिरडी बांधून झाली आणि बायका बसून राहिल्या. कोणीतरी विचारलं, माहेरचं कोण येतंय? मी सांगितलं की थांबायचं कारण नाही, पार्सल पोचलेलं नाही. चुलतभाऊ धनराज माझ्याकडे बघत राहिला. अंजू दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, "थांबाचं हाये." तिनं सकाळीच तांड्यावर फोन केला होता. मला विचारलं नव्हतं.

काळीपिवळी जीप आली. आधी तांड्यावरच्या बाया उतरल्या, मग करणच्या खांद्याला धरून मामा. डोक्याला पटका, हातात पिशवी. ते माझ्याकडे आले नाहीत. सरळ आईपाशी जाऊन खाली बसले. पिशवीतून एक लुगडं काढलं, घडी मोडून तिच्या अंगावर घातलं. मग दुसरं काढलं. मग तिसरं.

"हे औंदाचं," ते तिलाच सांगत होते. "हे मांगच्या सालचं. हे त्याच्या आंधीचं. घेऊन ठेवेल होते, बाई. आनाचे राहून गेले."

बाया वाकून बघत होत्या. तिसऱ्या लुगड्याच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या.

मग ललितामामीनं सूर लावला. बंजारा बायांचं रडणं गाण्यात असतं; मला त्यांची बोली अर्धीच येते. पण एक ओळ पुन्हा पुन्हा येत होती आणि ती समजत होती: सोमला नायकाची धाकटी चालली, दुष्काळात आलेली धाकटी चालली. ज्यांनी कधी आईला बघितलं नव्हतं त्या कोवळ्या सुनाही तिच्यासाठी रडत होत्या.

घाटावर आमच्याकडे दोन शब्द बोलायची रीत आहे. सगळे माझ्याकडे बघू लागले. मला वाटलं होतं जमणार नाही, पण उभा राहिल्यावर आवाज आपोआप लागला. मी तिचं घराणं सांगितलं. बोटांना चिंध्या बांधून मासे चिरणारी आजी, समुद्रानं नेलेला ॲलेक, जाळलेली खुर्ची, पेटीत राहिलेली शाल, डंकन, त्याची नात किर्स्टी. एवढ्या लांबच्या किनाऱ्यावरची कोळ्याची पोर आमच्या मातीत मिसळते आहे, असं म्हणालो. लोक डोळे पुसत होते. वाशिमचे एक प्राध्यापक नंतर म्हणाले, छापून काढा.

शेवटी बघितलं तर मामा बसल्या जागी नव्हते. ते घाटाच्या फाटकाबाहेर जीपमध्ये जाऊन बसले होते.

आज राख सावडताना अंजूनं विचारलं, "सोमला नायकाचं नाव नाई आलं तुमच्या बोलन्यात?"

मी म्हटलं, ओघात राहून गेलं.

"ओघात," ती म्हणाली. आणि पुन्हा राखेवर वाकली.

७ नोव्हेंबर

आज तेरावा. मी हा विधी करणार नव्हतो, फक्त गावजेवण ठेवलं होतं. पण सकाळी अंगणात पाट मांडला गेला आणि मी त्यावर बसलो. का, ते विचारू नये.

तेराव्याला मामा भाच्याच्या डोक्याला कापड बांधतो. दुखवटा सुटला, आता माणसांत ये, असा त्याचा अर्थ. ते होईपर्यंत मुलगा उघड्या डोक्यानं बसतो आणि पंगत सुरू होत नाही. यावरही मी बोललो आहे. कुठे बोललो ते आठवत नाही.

अकरा वाजता गाडीचा आवाज आला. कुरिअरचा माणूस होता. पार्सल. संस्कृतीनं फोडलं. राखाडी रंगाची मोठी शाल, लाटांसारखी वीण, अजून मिठाचा वास असावा असं वाटलं, नसेलही. मी ती मांडीवर घेतली. या उन्हात लोकर टोचत होती.

बाराच्या पुढे लोक चुळबुळ करू लागले. धनराज टोपी घेऊन आला. "दादा, मी घालून देतो. लोकं उपाशी हायेत."

"लोकांना वाढ," मी म्हणालो. "मी थांबतो."

"कोनासाठी? थे नाई येत आता."

पंगत माझ्याशिवाय बसली. लोक जेवता जेवता माझ्याकडे बघत होते. इतक्या सभांमध्ये लोकांनी माझ्याकडे पाहिलं, पण असं नाही.

मी करणला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आजा सकायपासून पटका बांधून दारात बसेल हाये. मांडीवर तुमच्यासाठी घेतलेलं उपरनं हाये. जीप दोनदा बलावली, दोनदा वापस केली. येतही नाई अन् पटका सोडतही नाई."

"त्यांना फोन दे," मी म्हणालो.

तिकडे खाकरल्याचा आवाज. मग मामा, "कोन बोलते?"

"हरीओम."

"कोन हरीओम?"

मी पाटावर बसलो होतो, मांडीवर ती शाल. समोर पत्रावळी उचलत होते. मी बोलायला तोंड उघडलं आणि जे काही सुचत होतं ते सगळं भाषणातलं होतं, तांड्यावर बोललो होतो तेच. ते सगळं जाऊ दिलं.

"सोमला नायकाच्या धाकटीचा पोरगा," मी म्हणालो.

पलीकडे श्वास ऐकू येत होता. मागे ललितामामी कोणाला तरी हळू विचारत होती, काय म्हनते? काय म्हनते थो?

"आता गाडी नाई भेटत," मामा शेवटी म्हणाले.

"मी थांबतो."

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. फोन त्यांनी ठेवला नाही, मीही ठेवला नाही. बॅटरी संपून तो आपोआप बंद पडला.

हे पाटावर बसूनच लिहितो आहे. मांडव सोडताहेत. दोर काढणारी पोरं माझ्या अंगावरून वाकून काम करताहेत, कोणी उठा म्हणत नाही. रस्त्यावरून मानोऱ्याकडची एक बस आली आणि न थांबता अमरावतीकडे गेली. डोकं अजून उघडं आहे.